नवाचा ताळा

अमरावतीच्या मेंदूच्या डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करत मागे यायला सांगितलं, तेव्हा मला हसू आलं. सव्वीस वर्षं मी अकोल्याच्या एका शाळेत गणित शिकवत होते. आठवीच्या पोरांना याहून अवघड काम मी शिक्षा म्हणून देत असे. मी म्हटलं, "त्र्याण्णव, शहाऐंशी," आणि पुढे जाईना. डॉक्टरांनी कागद पुढे केला. म्हणाले, लिहून पाहा. मी लिहिलं, ३९. त्याच्याखाली ६८. तोंडाने बरोबर बोलत होते आणि हात उलटं लिहीत होता. नवरा शेजारी बसला होता. त्याने कागदाकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे पाहत राहिला.

दिवाळी होऊन महिना झाला असेल, तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी झाली होती. बोलणं पंधरा दिवसांत परत आलं. उजवा हात जरा जड राहिला, पण चालत होता. आकड्यांचं मात्र हे असं झालं होतं. मराठीत आपण शहाण्णव म्हणतो तेव्हा सहा आधी तोंडात येतो आणि नव्वद मागून. लिहिताना मात्र नऊ आधी. पहिलीतली पोरं इथेच चुकतात आणि महिन्याभरात सुधारतात. माझा हात पन्नास वर्षं मागे जाऊन पहिलीत बसला होता.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "बरं, एक ते नऊ आकडे लिहा." मी एका ओळीत लिहिले, १२३४५६७८९. ते म्हणाले, "छान!" त्या 'छान'ने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोराने नाक पुसलं तरी आपण त्याला छान म्हणतो, तसलं ते छान होतं. कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला. त्या दिवशी माझ्या हातून बरोबर लिहिली गेलेली तेवढी एकच गोष्ट होती.

उपचारासाठी मी अमरावतीला ताईकडे राहत होते. ताई माझी मोठी बहीण, अंगणवाडीतून निवृत्त झालेली, दहावी शिकलेली, आणि जिभेला हाड नसलेली. नवरा बार्शीटाकळीला तहसीलमध्ये नोकरीला. तो अकोल्याहून रोज जाऊन-येऊन करायचा आणि शनिवारी मूर्तिजापूरवरून बसने अमरावतीला यायचा. एका शनिवारी त्याने प्लास्टिकच्या फोल्डरमधून एक कागद काढून टेबलावर ठेवला. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. सगळं भरलेलं होतं, फक्त सही बाकी होती.

"तुले कोनी जबरदस्ती नाई करून राहिलं," तो म्हणाला. "पन तू फळ्यावर उलटं लिवशीन, पोरं हासतीन. मले ते पायवनार नाई."

माणूस मनाने फार मऊ आहे. त्याने ते माझ्यावरच्या मायेपोटी केलं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मला राग आला, आणि रागात मी पर्समधला तो कागद काढून त्याच्या अर्जावर ठेवला.

"हा आकडा पाहा," मी म्हटलं. "बारा कोटी चौतीस लाख छप्पन हजार सातशे एकोणनव्वद. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत मी तो हाताने फोडीन. कॅल्क्युलेटर नाही, मोबाईल नाही. त्याचे सगळे मूळ अवयव काढीन, एकही चूक न करता. जमलं तर वर्गावर जाईन. नाही जमलं तर तुमच्या अर्जावर सही करीन."

"आकडा फोडते म्हंजे?" ताई स्वयंपाकघरातून म्हणाली. "नारय हाय का तो?"

"मोबाईलमध्ये टाकला तं एका सेकंदात सांगते ना," नवरा म्हणाला.

"मोबाईलला बरं व्हायचं नाही. मला व्हायचंय."

अर्ज त्याने परत फोल्डरमध्ये ठेवला, फाडला नाही.

पहिलं पाऊल सोपं होतं. एक ते नऊची बेरीज पंचेचाळीस. पंचेचाळीसला नवाने भाग जातो, म्हणून हे नऊ आकडे कसेही मागेपुढे केले तरी त्या संख्येला नवाने भाग जातोच. भागून आले १३७१७४२१. एक कोटी सदतीस लाख सतरा हजार चारशे एकवीस. हे उत्तर नीट मिळायला मला दीड दिवस लागला. आता कसोटी या संख्येची होती. तिला आणखी कोणत्या मूळसंख्येने भाग जातो का, की ती स्वतःच मूळ आहे?

शेवटी एक आहे, म्हणजे दोन आणि पाच बाद. आकड्यांची बेरीज सव्वीस, म्हणजे तीनही बाद. पुढे सात, अकरा, तेरा, सतरा असं एकेका मूळसंख्येने भागून पाहायचं. कुठवर? तर वर्गमुळापर्यंत. संख्येचे दोन अवयव असतील तर त्यातला धाकटा वर्गमुळाच्या पुढे जाऊच शकत नाही, कारण दोन्ही पुढे गेले तर गुणाकार मोठा होईल. इथे वर्गमूळ तीन हजार सातशे तीनच्या आसपास होतं. मी आलेखाच्या कागदांवर एकपासून सदतीसशे तीनपर्यंतच्या संख्या मांडल्या आणि दोनच्या पटी, तीनच्या पटी, पाचच्या पटी अशा खोडत गेले. खोडून खोडून उरल्या पाचशे सतरा मूळसंख्या. त्यातल्या तीन बाद झालेल्या. राहिले पाचशे चौदा भागाकार.

ताईने तो आकडा ऐकला आणि कपाळाला हात लावला. "तुले डाक्टरनं आराम सांगतला ना वं? कायले जीव काढून राहिली?"

"आराम करून करून मी संपून जाईन, ताई."

दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून दोनशे पानी चार वह्या आणून दिल्या आणि पेनाला जाड रबराचं नळकांडं चढवून दिलं, हात सटकू नये म्हणून.

पहिले पंधरा दिवस मी दिवसाला एक भागाकार करायचे. सकाळी विहाराच्या भोंग्यावर वंदना सुरू झाली की मी वही घेऊन अंगणात बसायचे, आकडे मोठ्याने म्हणत लिहायचे, आणि ताई निवडायला भाजी घेऊन समोर. भागाकार संपला की वही तिच्याकडे. ती एकेक ओळ मोठ्याने वाचायची आणि मी डोळे मिटून ऐकायचे. तोंड माझं शाबूत होतं, कानही. एखादी ओळ चुकीची ऐकू आली की मी डोळे उघडायचे. बहुतेक वेळा त्याआधीच ताईचं सुरू व्हायचं.

"उलटं लिवलं वं! त्रेसष्ट म्हनते अन् छत्तीस लिवते. डोये हाय का नाई?"

मी खोडायचे. पुन्हा लिहायचे. एकदा तिसऱ्यांदा तीच चूक झाली तेव्हा मी वही अंगणात भिरकावली. ताईने ती उचलली, धूळ झटकली आणि पुन्हा माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "फेकून झालं असंन तं लिव." मी लिहिलं.

दुसरी तपासणी मला आमच्या आबांकडून, म्हणजे वडिलांकडून मिळाली होती. आबा कापसाच्या बाजारात काट्यावर होते. गाड्यांची वजनं पाटीवर मांडून झाली की ते नवाचा ताळा पाहायचे. आकड्यांची बेरीज करायची, आलेल्या बेरजेचीही बेरीज करायची, एक आकडा उरेपर्यंत. भागाकारात भाजकाचा ताळा आणि भागाकाराचा ताळा यांचा गुणाकार करायचा, त्यात बाकीचा ताळा मिळवायचा, आणि ते मूळ संख्येच्या ताळ्याशी जुळलं पाहिजे. माझ्या संख्येच्या आकड्यांची बेरीज सव्वीस, दोन आणि सहा आठ. म्हणजे दर भागाकाराच्या शेवटी आठ यायला हवा. आठ आला की मी त्याभोवती लाल गोल काढायचे.

होळीपर्यंत दिवसाला चार होऊ लागले. सातने भागून बाकी चार, तेराने भागून बाकी तीन, सदतीसने भागून पुन्हा चार, असं करत करत मी पाचशेच्या पुढच्या भाजकांपर्यंत गेले. कुठेच शून्य नाही. हात मोकळा होत होता, उलटे आकडेही कमी झाले होते. मग डॉक्टरांनी सांगितलं की आता तुम्ही अकोल्याला जायला हरकत नाही.

अकोल्याला ताई नव्हती. नवरा सकाळी आठला जायचा आणि संध्याकाळी सातला यायचा. ओळी वाचून दाखवायला कोणी उरलं नाही, तेव्हा मी आठावर भिस्त ठेवली. अकोल्याचा उन्हाळा काय असतो हे अकोल्यात राहिल्याशिवाय कळत नाही. कूलरसमोर पाय पाण्याच्या घमेल्यात ठेवून मी दिवसाला आठ, कधी दहा भागाकार काढले. घामाने पानं हाताला चिकटायची. शेजारणी विचारायच्या, "मॅडम, पेपर तपासून राहिल्या का?" मी हो म्हणायचे. खरं सांगितलं असतं तर त्यांनी नवऱ्याला निरोप पाठवला असता.

भाजकांनी तीन हजार ओलांडले तेव्हा मला एक वेगळीच धाकधूक सुरू झाली. भाग गेला तर अवयव मिळतील आणि माझी सुटका होईल. नाही गेला तर आणखी एक पान. पण जसजसं टोक जवळ येऊ लागलं तसं मला वाटायला लागलं की ही संख्या मूळच असावी, आणि मला ते आवडायला लागलं. इतके दिवस सगळ्यांचे घाव सोसून जी फुटली नाही ती माझीच असं वाटत होतं. हे गणिताच्या शिक्षिकेला शोभत नाही. संख्येवर जीव जडला की डोळ्यांवर पट्टी बसते, हे मी पोरांना शंभरदा सांगितलेलं आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी मी ३७०१ ने भागलं. बाकी उरली. ताळा आठ. शेवटचा लाल गोल काढला आणि वही मिटली. पाचशे चौदा भागाकार, पाचशे चौदा आठ, आणि कुठेही शून्य नाही. माझी संख्या मूळ होती. मी एकटीच घरात मोठ्याने रडले, आणि ते सुखाचं रडणं होतं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो आतल्या खोलीत गेला, बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात ते फोल्डर होतं. त्याने अर्ज काढला आणि माझ्यासमोर फाडला. मग चप्पल घालून जाऊन पेढे घेऊन आला. ताईला फोन लावला. ती म्हणाली, "मंग? म्या म्हनलंच होतं." तिने तसं काही कधीच म्हटलं नव्हतं.

त्यानंतर आठेक दिवस मी हवेत होते. शाळेची तयारी सुरू केली. आठवीचा पाठ काढायला घेतला: दोन वर्गांची वजाबाकी. a वर्ग वजा b वर्ग म्हणजे a अधिक b गुणिले a वजा b. सव्वीस वर्षं शिकवलेला पाठ. या वर्षी काहीतरी नवं करावं असं मनात आलं. या सूत्राने मोठी संख्या फोडता येते. वर्गमुळाच्या लगेच पुढची संख्या घ्यायची, तिचा वर्ग करायचा, त्यातून आपली संख्या वजा करायची. उरलं ते जर कशाचा तरी वर्ग निघालं, तर संख्या फुटली. पोरांना दाखवावं की बघा, ही मूळसंख्या आहे, म्हणून इथे कितीही पुढे गेलात तरी सहजासहजी वर्ग हाती लागणार नाही. उदाहरणाला माझीच संख्या.

३७०४ चा वर्ग केला. १३७१९६१६. त्यातून माझी संख्या वजा केली, उरले २१९५. सेहेचाळीसचा वर्ग एकवीसशे सोळा, सत्तेचाळीसचा बावीसशे नऊ. मधे लटकलं, वर्ग नाही. ठीक.

३७०५ चा वर्ग. शेवटी पाच असलेल्या संख्येचा वर्ग तोंडी येतो: तीनशे सत्तर गुणिले तीनशे एकाहत्तर, आणि पुढे पंचवीस. १३७२७०२५. वजा केले. उरले ९६०४.

नऊ हजार सहाशे चार म्हणजे अठ्ठ्याण्णवचा वर्ग. मला मोजावं लागलं नाही. शंभर वजा दोन, दहा हजार वजा चारशे अधिक चार. माझ्या डोक्यात ते आपोआप उमटलं, आजारापूर्वी उमटायचं तसं. जेमतेम क्षणभर मला आनंद झाला की आलं, माझं डोकं परत आलं. आणि मग त्या वर्गाचा अर्थ कळला.

३७०५ वजा ९८, तीन हजार सहाशे सात. ३७०५ अधिक ९८, तीन हजार आठशे तीन. दोघांचा गुणाकार केला, तीनदा केला. एक कोटी सदतीस लाख सतरा हजार चारशे एकवीस. माझी मूळसंख्या दोन ओळींत फुटली होती. आठवीच्या पुस्तकातल्या सूत्राने.

३६०७ माझ्या यादीत होती. मी चौथी वही काढली. शेवटून चौदावा भागाकार. तिसऱ्या ओळीत १३७१७ मधून १०८२१ वजा केले होते. उरायला हवे अठ्ठावीसशे शहाण्णव. मी मनात शहाण्णव म्हटलं असणार, आणि हाताने लिहिलं होतं २८६९. तिथून पुढचं सगळं घसरत गेलं. भागाकार ३७९५, बाकी १८५६. आणि खाली, माझ्या हाताने, लाल गोलात आठ.

मी तो ताळा पुन्हा केला. आठच आला. मग माझ्या लक्षात आलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला. नवाचा ताळा आकड्यांची बेरीज करतो. बेरजेला क्रम कळत नाही. शहाण्णव लिहा की एकोणसत्तर लिहा, नऊ आणि सहा पंधराच. हात उलटं लिहितो हाच माझा आजार होता, आणि जगातल्या सगळ्या चुकांमधली नेमकी तीच चूक ज्याला दिसत नाही असा पहारेकरी मी पाचशे चौदा वेळा दाराशी बसवला होता. आबांना तो पुरला, कारण आबा उलटं लिहीत नव्हते.

संध्याकाळपर्यंत मी तशीच बसून होते. एक विचार सारखा येत होता, तो लपवत नाही. कोणाला सांगायचंच कशाला? अर्ज फाडला आहे. पेढे वाटले आहेत. संख्या मूळ आहे की नाही याची या घरात कोणाला फिकीर आहे? पण अट मी घातली होती, एकही चूक न करता. मी पोरांच्या वह्यांवर सव्वीस वर्षं लाल शेरे मारले. स्वतःच्या वहीवर हात आखडला असता तर मला वर्गात तोंड दाखवता आलं नसतं.

नवरा आला. मी त्याला चहा दिला आणि सरळ सांगितलं. "मी चुकले. ती मूळ नाही. तीन हजार सहाशे सातने भाग जातो."

त्याने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "मले माहीत होतं."

"काय?"

"त्याच दिवशी आत जाऊन मोबाईलवर पाह्यलं. त्यात आलं ना, तीन हजार सहाशे सात अन् तीन हजार आठशे तीन."

"आणि तुम्ही पेढे आणले?"

"तू किती दिवसांनी हासली होती," तो म्हणाला. "कसं सांगू?"

मला संताप आला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण त्या दिवसाइतकं मी त्याला कधी बोलले नाही. मी म्हटलं, चार महिने तुम्ही मला घरी बसवायला निघाला होतात, आणि आता चुकीच्या उत्तरावर मला वर्गात पाठवायला निघालात. दोन्ही वेळा मला विचारलं नाही. डॉक्टर छान म्हणतो, तुम्ही पेढे आणता. मी बरी झाले की नाही हे मला कोण सांगणार? तो ऐकून घेत राहिला. शेवटी म्हणाला, "आता काय करतं? दुसरा अर्ज आनू का?"

"शाळा उघडायला अठरा दिवस आहेत," मी म्हटलं. "अर्ज आणून ठेवा. सही करायची की नाही ते अठराव्या दिवशी सांगीन."

अकराचाही ताळा असतो. तो फार कोणी वापरत नाही, कारण जरा किचकट आहे. उजवीकडून सुरू करून एक आकडा मिळवायचा, पुढचा वजा करायचा, पुन्हा मिळवायचा, पुन्हा वजा. इथे कोणता आकडा कोणाच्या आधी आहे याने सगळा फरक पडतो, त्यामुळे शेजारचे दोन आकडे उलटे झाले की तो पकडतोच. माझ्या संख्येचा अकराचा ताळा तीन. मी पहिली वही काढली, पहिल्या भागाकारापासून सुरुवात केली आणि हिरवा पेन घेतला. तीन आला की हिरवी टिक. ३६०७ वाल्या पानावर तो ताळा केला तेव्हा तीनऐवजी आठ आला. या खेपेला मी त्या आठाकडे रागाने पाहिलं.

संख्या तर फुटली होती. ३८०३ मूळ आहे हेही मी एकसष्टपर्यंतच्या मूळसंख्यांनी भागून पाहून घेतलं होतं. आता मोजायचं होतं ते मला स्वतःला. अठरा दिवसांत चारही वह्या पुन्हा तपासल्या. पाचशे चौदापैकी सात ठिकाणी हिरवी टिक आली नाही. ताई समोर असतानाच्या पानांवर एकही नाही. सातही चुका अकोल्याच्या, एकटीने केलेल्या, आणि सातही उलट्या आकड्यांच्या. सहा ठिकाणी बाकी चुकली होती पण भाग तसाही जाणार नव्हता, म्हणून काही बिघडलं नाही. सातवी ३६०७ ची.

अठराव्या दिवशी नवऱ्याने अर्ज पुढे ठेवला. मी त्याला तो सात पानांचा हिशेब दाखवला. "एकही चूक न करता ही अट मी कधी कुठल्या पोराला घातली नाही," मी म्हटलं. "स्वतःला घातली, कारण मी घाबरले होते. अट मी मोडली हे खरं आहे. तरी मी जाणार आहे. मी उलटं लिहिते. किती वेळा लिहिते ते मला माहीत आहे, आणि कोणी समोर वाचून दाखवलं तर ते सापडतं हेही माहीत आहे." अर्ज त्याने या वेळी फाडला नाही, कपाटात ठेवला. मला ते बरं वाटलं.

मुख्याध्यापिकांना मी डॉक्टरांच्या सर्टिफिकेटसोबत हेही सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोरांना सांगाल?" मी म्हटलं, "पहिल्याच तासाला."

आणि सांगितलं. आठवीत पंचेचाळीस पोरं-पोरी होती. "मी आजारी होते. माझा हात कधी कधी आकडे उलटे लिहितो. मी उलटं लिहिलं की लगेच ओरडायचं. हसलात तरी चालेल." सगळ्यांनी एका सुरात "हो मॅडम" म्हटलं. मी वर्गमूळ, वर्ग, सूत्र असं सगळं शिकवलं. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. एकदाही कोणी ओरडलं नाही. तास संपला तेव्हा मी हरखून गेले होते. एकही चूक नाही!

सवयीने वह्या गोळा करून घरी नेल्या. पहिल्याच वहीत ३७०५ चा वर्ग लिहिला होता १३७२०७२५. दुसऱ्या वहीत तेच. तिसऱ्यात तेच. फळ्यावर मी जे लिहिलं ते पोरांनी जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. शेवटून दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीच्या वहीत मात्र बरोबर होतं. तिने आधी फळ्यावरचं लिहिलं होतं, मग एका बारीक रेघेने खोडून शेजारी १३७२७०२५.

दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधी मी तिला टेबलापाशी बोलावलं. तिची मान खाली.

"तुला दिसलं होतं ना? मग काऊन नाही सांगितलं?"

ती ओढणीचं टोक चाळवत राहिली. मग पुटपुटली, "मॅडम, तुमाले वाईट वाटलं असतं."

मी म्हटलं, "वाटलं असतं. तरी सांगायचं. कळलं?"

तिने मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली. मी कालचं गणित पुन्हा फळ्यावर मांडायला घेतलं. वर्ग चिडीचूप होता. दुसरी ओळ संपवून मी तिसऱ्या ओळीला खडू टेकवला, आणि मागून एक बारीक, कापरा, पण सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असा आवाज आला.

"मॅडम, उलटं."

मला वाईट वाटलं. मी पुसलं आणि नीट लिहिलं.